इतवारीतलं दहापट भिंग: नाल्यातल्या दगडांसाठी घेतलं, पैसे वसूल

दगड जमवायचा नाद असेल तर हातोडा नंतर घ्या, आधी भिंग घ्या. मी घेतलं ते नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यातून, सोनारकामाचं सामान विकणाऱ्या एका छोट्या दुकानातून. दहापट, २१ मिलिमीटरचं, आत तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या, स्टीलच्या कव्हरात फिरवून मिटणारं. साडेसहाशे रुपये.

दुकानदाराने काउंटरवर दोन ठेवली. दुसऱ्यावर ३० छापलेलं आणि किंमत निम्म्याहून कमी. "काकू, त्या आकड्यावर नका जाऊ, पेपर वाचून पाहा," म्हणाला. पाहिलं. दहावाल्यात अक्षरं कडेपर्यंत सरळ. स्वस्तातल्यात कडेची अक्षरं वाकलेली आणि काळ्या शाईला निळी-पिवळी किनार. घरी पट्टीनेही परीक्षा घेता येते. वस्तू स्पष्ट दिसेल तेव्हा भिंग तिच्यापासून किती लांब आहे ते मोजा आणि २५ सेंटिमीटरला त्या अंतराने भागा. खरं दहापट अडीच सेंटिमीटरवर दिसतं. खरं तीसपट असेल तर आठ मिलिमीटरवर धरावं लागेल, म्हणजे नाक दगडाला घासायचं. माझ्या भाचीने ऑनलाइन मागवलेल्यावर ४० छापलं होतं; पट्टीने ते जेमतेम दहा-बाराचं निघालं.

ही भाची ॲरिझोनात, फिनिक्सला असते. तिकडच्या वाळवंटात पाऊस पडला की तेवढ्यापुरते वाहणारे कोरडे ओढे असतात, त्यांना ‘वॉश’ म्हणतात. त्यात ती दगड गोळा करते आणि जिओकॅशिंग खेळते. कोणीतरी डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तिथेच ठेवायची. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि त्यानंतर लगेच ओरेगॉनमध्ये हा खेळ सुरू झाला. दिवाळीनंतर ती आली तेव्हा तिच्या फोनवर काटोल रोडच्या पुढचं एक ठिकाण होतं, कोरड्या नाल्यावरच्या रपट्याजवळ, म्हणजे पाइप टाकून केलेल्या ठेंगण्या पुलाजवळ. "मावशी, तुझे दगड आणि माझी डबी, एकाच फेरीत," म्हणून दोघी निघालो.

रपट्यापाशी फोनचा बाण गरगर फिरायला लागला. पाच-दहा मीटरचा फरक फोन ठेवतोच. ती पाइपांत डोकावत बसली आणि मी पात्रात बैठक मारली.

आपल्याकडे शहराच्या पश्चिमेला काळा दगड आहे, डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पूर्वेकडे तो संपतो आणि त्याहून कितीतरी जुना नाइस, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा खडक, लागतो. मुठीत मावेल असा एक धोंडा उचलला. नुसत्या डोळ्यांनी चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखा. भिंग लावलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे लाव्ह्यातल्या वायूची जुनी पोकळी. तिच्या भिंतीला आधी हिरवा थर, सेलॅडोनाइट नावाच्या खनिजाचा, आणि आत मोतिया चमकेचे पापुद्रे, एकावर एक रचलेले. ते झिओलाइट, अशा पोकळ्यांत तयार होणारं खनिज. थोडं पुढे पिवळसर चर्टचा, म्हणजे गुळगुळीत कठीण दगडाचा, तुकडा मिळाला, लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या तळ्यातल्या गाळाचा. त्यात तांदळापेक्षा लहान शंख, मधोमध कापलेला, आणि त्याचे वेढे मोजता येत होते! नागपूरच्याच टाकळीच्या अशा थरांतून स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात जीवाश्म गोळा केले. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच. १८६३ च्या सप्टेंबरात ते पुरात बुडून गेले, त्यामुळे पावसाळ्यात नाल्यात का उतरायचं नाही हे मी वेगळं सांगत बसत नाही.

वापरायची पद्धत लोक हमखास उलटी करतात. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि दगड भिंगाकडे आणायचा. ऊन खांद्यावरून दगडावर पडलं पाहिजे. आणि गोरेवाड्यासारख्या जंगलाच्या बाजूला गेलात तर पाहा आणि दगड खाली ठेवा; राखीव वनातून विनापरवानगी दगड नेणं १९२७ च्या वन कायद्यात बसत नाही.

आता खोड्या. दोरी ओवायला कडी नाही, खिशातून पडतं. मी मिटायच्या पिनेतूनच सुतळी काढली आहे, पण ती पीन आता ढिली पडत चालली आहे. सोबतची रेग्झिनची पिशवी नावापुरती. रेतीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात आणि गार काचेपेक्षा कठीण, म्हणून आधी फुंकर मारायची, मग मऊ फडकं. ओढणीने पुसलंत की चरे पडलेच समजा. उन्हात उघडं टाकून जाऊ नका, खाली पळसाची वाळकी पानं असतील तर धूर निघेल.

डबी अखेर रपट्याच्या कडेला रचलेल्या दगडांच्या फटीत सापडली, कॅमेऱ्याच्या फिल्मची जुनी काळी डबी. आतल्या गुंडाळीला पावसाचं पाणी लागून पेन्सिलीची नावं पुसट झालेली; ती वाचायला भाचीने माझंच भिंग मागितलं, तिचं चाळीसवालं पर्समध्येच राहिलं.

पाचापैकी साडेचार. अर्धा कडीचा कापला. परत जाण्याआधी भाचीने त्याच दुकानातून दोन घेतली आणि दुकानदाराने तिला शंभर रुपये सोडले. मला एक रुपया नाही सोडला, बाप्पा!