बिग की लार्ज?

मालवणात होमस्टेचा बोर्ड रंगवताना घोळ झाला, सुंगटं मोठी म्हणून बिग प्रॉन्स लिहायचं की लार्ज, तर चुकीचं दोन्ही नाही पण मेनूवर, टीशर्टच्या साइजला लार्जच शोभतं, लार्ज क्वांटिटी, लार्ज नंबर पण, बिग क्वांटिटी कानाला खटकतं. बोलताना मात्र सरळ बिग. आणि खरी गंमत पुढे आहे, बिगमध्ये नुसता आकार नाही, महत्त्वही येतं: बिग मिस्टेक, बिग डिसिजन, तिथे लार्ज बसतच नाही. बिग ब्रदर म्हणजे थोरला दादा, लार्ज ब्रदर म्हटलंत की थेट त्याच्या पोटावर गेलात (आमच्या दादाला दोन्ही लागू). अ‍ॅट लार्ज म्हणजे तर फरार! बोर्डावर शेवटी लार्जच लिहिलं, एक्स्ट्रा लार्जला जागा उरली नाही.