हाताचा इसब आणि रोजची काळजी, नऊ महिन्यांचा अनुभव

मागच्या मे महिन्यात रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवला तर घेईचना. पुसून ठेवला, दुसरं बोट ठेवलं, मागे रांग वाढायला लागली, शेवटी नवऱ्याला फोन करून बोलावलं आणि त्याच्या अंगठ्यावर धान्य घेतलं. घरी येऊन खिडकीशी उजेडात बघितलं तर बोटांच्या टोकांवर रेषाच नव्हत्या, नुसती सोलवटलेली लाल कातडी आणि मधे चिरा.

मी पुण्यात डबे करते, सकाळचे 22 आणि संध्याकाळचे 9. म्हणजे दिवसभर हात एकतर पाण्यात, नाहीतर साबणात, नाहीतर कांदा-लसणात. चार वर्षं हा त्रास होता आणि चार वर्षं मी मेडिकलमधून ट्यूब आणून लावत होते. तीन दिवसांत एकदम बरं वाटायचं, बंद केली की आठवड्यात परत, आणि आधीपेक्षा जास्त. कणीक मळताना मीठ चिरांमध्ये गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी जूनमध्ये स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ट्यूब उलटी करून मागचं वाचलं, म्हणाल्या यात कडक स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही एकत्र आहे, आणि तुम्हाला बुरशी नाहीच आहे. हा नायटा नाही, इसब आहे. प्लीज कोणीही अशी ट्यूब स्वतःच्या मनाने लावत राहू नका, कातडी पातळ होत जाते, माझी झाली होती.

मग त्यांनी विचारलं, लसूण सोलताना, चिरताना कुठल्या हातात धरता? डाव्या. तर सगळ्यात वाईट अवस्था डाव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, एवढीच! चार वर्षांत माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. ऑगस्टमध्ये पॅच टेस्ट केली, म्हणजे कातडीला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघायची तपासणी. पाठीवर छोट्या छोट्या गोल चकत्या चिकटवतात, दोन दिवस ठेवतात, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही (डबे चार दिवस बंद ठेवले, दुसरा उपाय नव्हता), मग काढून बघतात आणि पुन्हा दोन दिवसांनी बघतात. लसणाला आणि सुगंधी द्रव्याला रिअ‍ॅक्शन आली. सुगंधी द्रव्य म्हणजे भांड्याचं लिंबाच्या वासाचं लिक्विड, हँडवॉश, आणि मी ज्याला चांगलं समजून हाताला लावायचे ते गुलाबाचं क्रीमसुद्धा.

आता रोज काय करते ते. क्रीम अगदी साधं आहे, व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिनवालं, वास नाही, रंग नाही. मला विचाराल तर कंपनी कुठली यापेक्षा किती आणि कधी लावता यावर सगळं आहे. मी आधी मटारच्या दाण्याएवढं घेऊन चोळून जिरवायचे आणि म्हणायचे काही उपयोग नाही. डॉक्टरांनी मोजून दाखवलं, बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक लांब रेघ काढायची, ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि तेवढं दोन तळहातांच्या जागेला पुरतं. हे माप खरं औषधाच्या मलमाचं, साधं क्रीम त्याहून सढळ हाताने लावायचं. प्रत्येक वेळी हात धुतले की टिपून घ्यायचे, पुसायचे नाहीत, बोटांच्या बेचक्यांत पण टिपायचं, आणि कातडी थोडी ओलसर आहे तोवर लावायचं. दोन-तीन मिनिटं गेली की पाणी उडून जातं आणि वरून लावून तेवढा फायदा नाही. दिवसातून सहा-सात वेळा होतं. महिन्याला 100 ग्रॅमच्या दोन ट्यूब लागतात, खर्च आहे, पण आधीच्या औषधांचा हिशोब केला तर जास्त नाही.

साबण पूर्ण बंद. साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्काचं माप) 9-10 असतो आणि कातडीचा साडेपाचच्या आसपास, म्हणून आता साबणविरहित क्लिंजर, पाणी कोमट. अंगठी काढून ठेवली, तिच्याखाली साबण अडकून राहायचा आणि तिथे कायम लाल कडं असायचं. सासूबाईंना आधी ते पटलं नाही, त्यांना बोट दाखवलं मग त्यांनीच ती डब्यात ठेवून दिली.

ग्लोव्हजचं मात्र शिकावं लागलं. नुसते रबरी घातले तर आत घाम येतो आणि खाज दुप्पट. आत पांढरे सुती, वरून विनाइलचे, आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. सुती सहा जोड घेतलेत, रोज धुवायचे, तेही वास नसलेल्या पावडरने. लसूण आता मी हातात धरतच नाही, नवरा रात्री सोलून ठेवतो, मी चमच्याने मिक्सरमध्ये टाकते. कणीक फूड प्रोसेसरमध्ये.

रात्री जाड थर पेट्रोलियम जेलीचा आणि वरून सुती हातमोजे. पहिल्या आठवड्यात गुदमरल्यासारखं वाटायचं, आता त्याशिवाय झोप लागत नाही. एक गोष्ट नक्की सांगायची आहे कारण आपण सगळ्या गॅसपाशी असतो. जेली म्हणजेही पॅराफिनच, आणि पॅराफिन मुरलेलं कापड पटकन पेट घेतं. मुलाला ताप होता तेव्हा रात्री दोनला उठून तशीच पाणी गरम करायला गेले, लायटर हातात घेतला आणि आठवलं, तिथेच मोजे काढून टाकले. हे मोजे घालून स्वयंपाकघरात जायचंच नाही.

स्टिरॉइड डॉक्टरांनीही दिलं, पण ठरवून. पहिले काही आठवडे रोज, मग आठवड्यातून फक्त दोन दिवस, शनिवार-रविवार, बरं दिसत असलं तरी. आधी क्रीम आणि मग थोड्या वेळाने ते, दोन्ही एकत्र कालवून नाही. कडुलिंबाचं पाणी, हळद हे मी सगळं करून झालं होतं, वाळल्यावर कातडी आणखी ताणायची. खोबरेल तेलाने वाईट काही झालं नाही, पण दुसऱ्यांदा हात धुतले की गेलं.

सगळ्यात मोठी चूक सप्टेंबरमधली. हात इतके छान दिसायला लागले होते की मी म्हटलं झालं बरं, क्रीम दोन वेळांवर आणलं, गौरी-गणपतीत ग्लोव्हज न घालता भांडी घासली. पाच दिवसांत बारीक पाण्याचे फोड, रात्रभर खाज. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, वरून बरी दिसली तरी कातडी आतून भरून यायला चार-पाच महिने लागतात. मग दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी निम्म्याच घेतल्या. पैसे गेले, वाईट वाटलं, पण डिसेंबरच्या कोरड्या थंडीत पहिल्यांदा चिरा पडल्या नाहीत.

पूर्ण गेलाय असं नाही. मधल्या बोटाच्या टोकाला एक चीर आहे, ती अधूनमधून उघडते, आणि सॅनिटायझर लागला तर तिथे झोंबतं. कोणाच्या हातातून पाणी, पू यायला लागला, पिवळी खपली धरली किंवा ताप आला तर क्रीम लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

फेब्रुवारीत रेशनला गेले होते, उजवा अंगठा पहिल्यांदाच घेतला मशीनने. डावा अजून लावून बघितला नाही.