लिव्हरमध्ये पसरलेल्या कॅन्सरचं ऑपरेशन: डॉक्टरांना साडेचार स्टार, टीपीए (मेडिक्लेमचं काम बघणाऱ्या) डेस्कला एक

हॉस्पिटल पुण्यातलं आहे, नाव टाकत नाही कारण खाली बिलिंगवर पण लिहिलंय. मामांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरमध्ये गाठी, आणि आधीच्या ठिकाणी "चौथी स्टेज आहे, केमो घेत राहा" एवढं बोलून मोकळे झाले होते. इथे सर्जन, केमोवाले डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट तिघांनी एकत्र बसून स्कॅन बघितले. आतड्याचा कॅन्सर लिव्हरपुरताच पसरला असेल आणि गाठी काढण्यासारख्या असतील तर चौथ्या स्टेजलाही ऑपरेशन होतं, काही पेशंट पूर्ण बरेही होतात, हे तोवर आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं!

गाठी उजवीकडे पण डावा भाग लहान, आणि केमो झालेल्या पेशंटचं निदान ३० टक्के लिव्हर तरी मागे राहायला हवं, म्हणून आधी उजवीकडची पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर) बंद केली, मग ४-६ आठवड्यांत डावी बाजू वाढते, ती सीटीवर मोजली आणि मगच ऑपरेशनची तारीख दिली. ऑपरेशन चालू असताना थेट लिव्हरवर सोनोग्राफी करतात, त्यात डावीकडे एक बारकी गाठ दिसली ती मायक्रोवेव्हने जाळली.

अमेरिकेतल्या मामेभावाचं पंप पंप चालू होतं. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये पोटात छोटा पंप बसवून केमो थेट लिव्हरच्या धमनीत सोडतात. सर वैतागले नाहीत, कागदावर काढून दाखवलं की लिव्हरला ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून येतं पण या गाठी मुख्यतः धमनीच्या रक्तावर वाढतात, त्यामुळे तिथून औषध दिलं की गाठीला जास्त आणि बाकी शरीराला कमी. पंप आम्ही करत नाही, स्पष्ट सांगितलं. ज्यांच्या गाठी काढता येत नाहीत त्यांच्यातल्या काहींना जांघेतून कॅथेटर घालून धमनीत केमो देतात, मामांना ती लागणार नाही म्हणाले, म्हणजे उगाच गळ्यात मारलं नाही.

आता टीपीए डेस्क. व्हेन बंद करायचं ॲडमिशन वेगळं, त्याचं प्रीऑथ (इन्शुरन्सची आधीची मंजुरी) वेगळं, क्लेम अडकला तर उत्तर द्यायला कोणी नाही, डिस्चार्ज सकाळी सांगून कागद हातात संध्याकाळी. वैताग नुसता.

जाणार असाल तर स्कॅनची सीडी न्या, नुसता रिपोर्ट चालत नाही. बेव्हासिझुमॅब (केमोबरोबर देतात ते कॅन्सरचं औषध) चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, ऑपरेशनआधी ५-६ आठवडे बंद ठेवावं लागतं. आणि पार्किंग विसरा, रिक्षाने जा.