वेगळा शॉवर करून घेतला: तिन्ही ऋतू वापरल्यावर

पुण्यात कोथरूडच्या जुन्या सोसायटीत, शेवटच्या मजल्यावर, पाच बाय आठच्या बाथरूममध्ये काच लावून शॉवर वेगळा करून घेतला. आता उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं झालंय. काचेचं कौतुक चार दिवस टिकतं. रोजचं सुख अवलंबून आहे पाण्याच्या प्रेशरवर आणि फरशीच्या ढाळावर, आणि दुकानात नेमका याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आधी प्रेशर. टाकी शॉवरपेक्षा दहा मीटर उंच असेल तर साधारण १ बार (दाब मोजायचं एकक) मिळतो. आमची टाकी शॉवरच्या जेमतेम अडीच मीटर वर, म्हणजे पाव बार. एवढ्यावर आठ इंची रेन शॉवर नुसता ठिबकतो. प्लंबर म्हणाला, "साहेब, पंप बसवा, नाहीतर शोभेचं घेऊ नका." गच्चीवर पंप म्हणजे सोसायटीची मीटिंग आली! मी चार इंची साधा शॉवर आणि हँड शॉवर घेतला, आणि जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा, टाकला. काढलेला तुकडा बघितला तर आतून गंज चढून करंगळी जाईल एवढंही भोक उरलं नव्हतं. निम्मा फरक तिथेच पडला.

शॉवरचा कोपरा तीन फूट बाय तीन फूट. जाळीकडे मीटरला दीड सेंटीमीटर ढाळ, कडेला इंचभर ग्रॅनाइटचा उंबरा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळी बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवलं. खालच्या काकूंनी "कोरडं आहे हो छत" म्हटल्यावरच मिस्त्रीला फरशी बसवू दिली. ही चाचणी टाळून पैसे वाचवणाऱ्यांनी खालच्यांच्या पीओपीचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

काच ८ मिमीची, टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेली. टफन झाल्यावर ती कापता येत नाही, त्यामुळे माप फरशी बसल्यानंतरच द्या. काचवाला घाई करतोच. त्याने बिजागऱ्या ३०४ स्टीलच्या (सहसा न गंजणाऱ्या) दिल्या, पण स्क्रू साधे निघाले आणि पावसाळ्यात त्यांना गंज चढला. बरंच भांडून बदलून घेतले. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं की काचेवर पांढरे डाग धरतात. अंघोळीनंतर वायपर फिरवला तर नाही धरत, आणि धरलेच तर व्हिनेगरने निघतात. पण घरात रोज वायपर कोण फिरवणार हे आधी ठरवा. आमच्याकडे ते अजून ठरायचंय.

गिझर पूर्वी १५ लिटरचा होता. ६० अंशांचं पाणी थंडात मिसळलं की अंघोळीचं तीसेक लिटर होतं. मिनिटाला दहा लिटर टाकणाऱ्या शॉवरखाली ते तीन मिनिटांत संपतं. २५चा घेतला, आता थंडीतही पुरतं.

सगळं मिळून ऐंशी हजारांच्या आसपास गेले, त्यात राडारोडा उचलायचेही आले. मोठा फायदा आईला झाला. कमोडपर्यंतची फरशी दिवसभर कोरडी राहते, ती धास्तावत चालत नाही. शॉवरमध्ये आधाराचा दांडा लावलाय, तो विटेच्या भिंतीत, काचेला नाही. बादली मात्र गेली नाही. गुरुवारी पाणी बंद असलं की त्याच काचेआड स्टुलावर बसून तांब्याने अंघोळ होते. म्हणून कोपरा तीन फुटांपेक्षा लहान करू नका, बादली आणि स्टूल दोन्ही मावत नाहीत.