ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: गिअरचा दिवा लागल्यावर घेतला, पावसाळ्यापासून वापरतोय

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या स्टेअरिंगखालच्या पोर्टला लावायचं छोटं यंत्र: गाडीच्या कंप्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड ते मोबाइलच्या अ‍ॅपवर दाखवतं. हजार रुपयांच्या आतला हा स्कॅनर मी रागाने घेतला. कसारा घाटात भर पावसात माझ्या ऑटोमॅटिक गाडीच्या डॅशवर गिअरचा दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरात अडकली. नाशिकला परत आल्यावर सर्व्हिस सेंटरने नुसता कोड वाचायचे पैसे घेतले आणि वर गिअरबॉक्स उतरवायचं एस्टिमेट हातात ठेवलं. कोड कोणता, ते मात्र लिहून देईनात. गाडी माझी, पैसे माझे, मग कोड का लपवायचा?

सुरुवातीला स्कॅनर परतच करणार होतो. फुकटच्या अ‍ॅपवर एकच कोड दिसायचा, पी०७००. त्यातून एवढंच कळतं की गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे काहीतरी बिघाड नोंदलाय. नेमका कोणता, ते त्या कंप्युटरलाच विचारावं लागतं आणि ते अ‍ॅप तिथवर पोचत नव्हतं. मग माझ्या गाडीच्या कंपनीचं प्रोफाइल असलेलं अ‍ॅप विकत घेतलं. पैसे जिवावर आले, पण त्याच स्कॅनरने पी०७१५ दाखवला: इनपुट, म्हणजे टर्बाइन स्पीड सेन्सरचं सर्किट. (टर्बाइन म्हणजे इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणारा फिरता भाग, हा सेन्सर त्याचा वेग मोजतो.) यात सेन्सर, कनेक्टर, वायर, काहीही गेलेलं असू शकतं.

खरा फायदा लाइव्ह डेटाचा, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांचा झाला. सर्व्हिस सेंटरवाल्याने मला गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये, ब्रेक दाबून उभी असताना स्क्रीनवर टर्बाइनचा आकडा शून्य दाखवला होता: ‘बघा साहेब, सेन्सर मेला.’ अहो, टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडलेल्या) गाडीत तेव्हा तो शून्यच असतो! चाकं थांबली, गिअर पडलेला, मग टर्बाइन फिरेल कशी? पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये तो जवळपास इंजिनच्या आरपीएमइतका दिसला पाहिजे. माझा व्यवस्थित दिसत होता. मग बायकोला शेजारी मोबाइल धरून बसवलं आणि पाथर्डी फाट्याकडच्या खड्ड्यांतून गाडी फिरवली. गाडी आदळली की आकडा क्षणभर शून्यावर यायचा आणि लगेच परत. मेलेला सेन्सर असा परत येत नाही, म्हणजे संशय जोडणीवर. द्वारकेजवळच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने सेन्सरचा कनेक्टर काढला तर आत पाणी, पिना हिरव्या. (माझ्या गाडीत हा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेर आहे, काही गाड्यांत तो आत असतो, तिथे घरी हात घालू नका.) त्याने पिना बदलल्या, सील नवीन टाकलं. एस्टिमेटच्या तुलनेत किरकोळ खर्च. दिवा पुन्हा लागलेला नाही.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे: याला बंद करायचं बटण नाही! ओबीडी पोर्टच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा थेट करंट असतो, चावी काढली तरी. म्हणजे स्कॅनर रात्रभर जागा. दर वेळी पार्किंगमध्ये गुडघे टेकून, स्टेअरिंगखाली चाचपडत तो उपटावा लागतो. बटणाची किंमत ती किती! बटणवाले मिळतात, पण महाग. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मी देणार नाही. गाडी आठवडाभर उभी ठेवणाऱ्यांनी तरी हा लावून ठेवूच नये. बॅटरी उतरली की कंप्युटर भलतेच कोड टाकतात. म्हणून दिवा लागला की मी आधी व्होल्टेज बघतो: इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५.

घेताना डब्यावर ‘१.५ आवृत्ती’ वाचून भुलू नका. अशा स्कॅनरमधली मूळ ईएलएम३२७ चिप बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने १.५ कधी काढलीच नव्हती, म्हणजे ती नक्कल. कोड वाचायला नक्कल चालते, पण लाइव्ह डेटात ती अडखळते. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, वायफाय किंवा बीएलईवाला (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा) बघावा.

आणि ‘क्लिअर’चं बटण घाईने दाबू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे दिवा लागला तेव्हाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान सगळं जातं. आधी स्क्रीनशॉट काढा, गॅरेजला गाडी देण्यापूर्वी तर नक्कीच.