नौपाड्यातला रविवारचा पायथन क्लास: पहिलं अक्षर मिळालं, पण अर्धंच

मी बाळांची दुपटी शिवते आणि कोपऱ्यात नावाचं पहिलं अक्षर भरते. ऑर्डरी एक्सेलमध्ये येतात. त्यातून अक्षरं काढून मशीनसाठी यादी करायची, हे रात्री जेवणं आटपल्यावरचं काम. लेक म्हणाली, आई, हे दोन ओळींचं काम आहे, शिकून घे. म्हणून पायथन, म्हणजे कम्प्युटरला काम सांगायची भाषा, शिकवणारा आठ रविवारांचा हा क्लास लावला. फी साडेचार हजार. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कुरकुर आहे.

आधी चांगलं. मोजणी शून्यापासून का, हे सरांनी असं सांगितलं की परत विचारावं लागलं नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर. मग बोरीबंदर कितव्या किलोमीटरवर? शून्यावर. इंडेक्स (चौकोनी कंसातला आकडा) म्हणजे कितवं अक्षर नव्हे, सुरुवातीपासून किती पुढे. म्हणून नाव[०] हे पहिलं आणि नाव[-१] हे शेवटचं. मागच्या बाकावरचे एक काका म्हणाले, आमच्या सोसायटीत वजा एक म्हणजे पार्किंग. सर म्हणाले, पायथनची लिफ्ट खाली जात नाही, थेट गच्चीवर जाते!

आणखी एक कामाची गोष्ट. एखाद्या ऑर्डरीत नावच रिकामं असलं तर नाव[०] एरर देऊन अख्खी यादी अडवतं. त्याऐवजी नाव[:१], म्हणजे पहिल्या अक्षरापर्यंतचा तुकडा, लिहिलं तर नुसतं रिकामं मिळतं, गाडी पुढे जाते. माझ्या यादीत अशी दोन-तीन नावं असतातच, आईबापांचं ठरलेलं नसतं.

आता कुरकुर. वर्गातली सगळी उदाहरणं इंग्रजी नावांची. घरी येऊन ‘श्रेया’ टाकलं, तर नुसता ‘श’. नाव[१] मागितलं, तर ठिपक्यांच्या गोलाखाली लटकलेला हलन्त! लांबी विचारली तर सहा: श, हलन्त, र, एकाराची मात्रा, य, काना. आपण दोन अक्षरं वाचतो, पायथन युनिकोडचे (कम्प्युटरमध्ये प्रत्येक चिन्हाला आकडा देणाऱ्या पद्धतीचे) सहा तुकडे मोजतं. ‘ठाणे’सुद्धा त्याच्या लेखी चार.

पुढच्या रविवारी विचारलं, तर सर म्हणाले, “मॅडम, नावं इंग्रजीत घ्या ना.” ठाण्यात क्लास चालवायचा, समोर बसलेले निम्मे मराठीत ऑर्डरी घेणारे, आणि उत्तर हे? त्यांना माहीत नव्हतं असं नाही, सिलॅबसमध्ये नव्हतं.

शेवटी लेकीने आणि मी एक लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या ओळी) लिहिला. पहिला तुकडा घ्यायचा. पुढे मात्रा, काना किंवा अनुस्वार असेल तर जोडायचा. हलन्त असेल तर तो आणि त्याच्या पुढचं व्यंजनही. ‘श्रे’ आलं, ‘क्षितिजा’चं ‘क्षि’ आलं. अकरा ओळी झाल्या, दोन नव्हे.

साडेतीन तारे. पायथन अगदी कोरं असेल तर जरूर जा, फक्त पहिल्याच दिवशी मराठी नाव टाकून दाखवायला सांगा. एसी बाकावर ठिबकतो, खिडकीपाशी बसू नका.

श्रेयाचं दुपटं मात्र यादीवर विसंबून आधीच भरून झालं होतं. ‘श’ उसवून पुन्हा भरला, पण पांढऱ्या मलमलवर जुन्या टाक्यांची भोकं अजून दिसतात.