सर्व्हर एकत्रीकरणाच्या नियोजनासाठी मायक्रोसॉफ्टचे मॅप टूलकिट: अंबडमधील अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात सर्व्हर जसजशी गरज पडली तसतसे घेतले गेले. टॅलीचा वेगळा, हजेरी आणि पगाराचा वेगळा, ड्रॉइंगच्या फाइल्सचा वेगळा. ही सर्व यंत्रे हायपर-व्हीवर, म्हणजे एकाच यंत्रात अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीवर, आणण्याचे ठरले, तेव्हा नवे होस्ट, म्हणजे हे सर्व्हर पोटात घेणारी मोठी यंत्रे, किती आणि केवढ्या क्षमतेचे घ्यावेत, हे पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘असेसमेंट अँड प्लॅनिंग टूलकिट’, म्हणजे मॅप, वापरले. ते मोफत असून विक्रेत्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक भरवशाचे आहे, मात्र मोजणी कधी करायची हे त्याच्यावर सोडता येत नाही.

मॅप कोणत्याही सर्व्हरवर एजंट, म्हणजे माहिती गोळा करणारा वेगळा प्रोग्रॅम, बसवत नाही. अॅडमिन पासवर्ड दिला आणि फायरवॉलमध्ये डब्ल्यूएमआयला (विंडोजची दुरून माहिती देणारी सोय) वाट मोकळी केली, की ते नेटवर्कवरील यंत्रांची यादी करते आणि दर पाच मिनिटांनी प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्कचा वापर नोंदवते. नंतर आपण नियोजित होस्टची माहिती आणि वापराची कमाल मर्यादा भरली, की कोणते सर्व्हर कोणत्या होस्टवर बसतील याचा एक्सेल अहवाल मिळतो. अहवाल सुटसुटीत असतो, लेखा विभागालाही तो वाचता येतो.

खरी मेख मोजणीच्या काळात आहे. महिन्याच्या मधल्या आठवड्यात टॅलीचा सर्व्हर जवळजवळ रिकामा दिसतो. महिनाअखेरीस स्टॉकचा ताळमेळ, त्यामागोमाग पगारपत्रक आणि ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) भरण्याची घाई सुरू झाली, की त्याच सर्व्हरच्या डिस्कचा आलेख उंच चढतो आणि पगाराचा सर्व्हरही नेमका त्याच दिवसांत जागा होतो. स्वतंत्र यंत्रांवर या दोघांची एकमेकांना झळ लागत नव्हती. एकाच होस्टच्या डिस्कवर आल्यावर दोघांनाही एकाच रांगेत थांबावे लागते. त्यामुळे मोजणी महिनाअखेरीपासून ११ तारखेपर्यंत सलग चालू ठेवावी, आणि सरासरीपेक्षा शिखराकडे पाहूनच होस्ट ठरवावा, असे माझे ठाम मत आहे. प्रोसेसर बहुतेक वेळा पुरून उरतो, अडते ते डिस्कवर. ७२०० आरपीएमची एक डिस्क सेकंदाला साधारण शंभराच्या आतच विखुरलेली वाचने-लेखने पेलते, म्हणून एसएसडीवर केलेला खर्च मला जादा प्रोसेसरवरील खर्चापेक्षा योग्य वाटतो.

एक होस्ट बंद पडला तर उरलेल्यांवर सर्व भार बसतो का, हेही पाहावे लागते. त्यासाठी एक होस्ट वजा धरून हिशेब पुन्हा करावा. लायसन्सचे गणितही आपणच मांडावे: विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये होस्टच्या सर्व कोअर्सचे लायसन्स घेतले, आणि किमान १६ कोअर्सचे घ्यावेच लागते, तरी फक्त दोन व्हर्च्युअल सर्व्हरची मुभा मिळते, पुढच्या प्रत्येक दोनांसाठी तेवढेच लायसन्स पुन्हा लागते. होस्टवर बरेच सर्व्हर दाटीने बसवायचे असतील, तर व्हर्च्युअल सर्व्हरच्या संख्येवर मर्यादा नसलेल्या डेटासेंटर आवृत्तीचा भाव विचारून ठेवलेला बरा.

मॅप यंत्रे हलवत नाही, ते काम आम्ही मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातील डिस्क२व्हीएचडीने केले. चालू सर्व्हरची शॅडो कॉपी (त्या क्षणाची डिस्कची प्रत) घेऊन ते व्हीएचडीएक्स, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कची, फाइल तयार करते. तरी डेटाबेस असलेल्या सर्व्हरची प्रत साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सेवा थांबवूनच घ्यावी. दोन गोष्टी आधीच तपासून ठेवाव्यात. ज्या सॉफ्टवेअरचे लायसन्स यूएसबी डोंगलवर (यंत्राला लावायच्या किल्लीवजा पेनड्राइव्हसारख्या वस्तूवर) आहे, त्याला हायपर-व्हीमध्ये डोंगल थेट जोडता येत नाही. नेटवर्कवरून यूएसबी देणारा हब घ्यावा लागतो किंवा विक्रेत्याकडून सॉफ्ट-लायसन्स मागून घ्यावे लागते. डोमेन कंट्रोलरची, म्हणजे नेटवर्कवरील सर्वांची लॉगिन खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरची, तर प्रत काढूच नये. नवा व्हर्च्युअल सर्व्हर उभा करून त्याला डोमेन कंट्रोलर करावे, जुना रीतसर उतरवावा आणि दुसरा कंट्रोलर वेगळ्या होस्टवर ठेवावा.